डिंकाचे लाडू, आंबट बंद आणि ता.क. मधली एक ओळ

मी आहारतज्ज्ञ आहे, मला आलेलं एक पत्र असं आहे:

"ताई, मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावातनं लिहितेय. बाबा ५६ वर्षांचे, वजन ६२ किलो. मागच्या महिन्यात गाडी घसरून उजव्या पायाची नडगी मोडली, ऑपरेशन करून प्लेट बसवली. आज २३ दिवस झाले. वरचे टाके छान सुकलेत पण घोट्याकडची दीड-दोन इंच जागा अजून ओलीच आहे, रोज पट्टीला पिवळसर डाग लागतो. घरात रोज वाद. आजी म्हणते गोडानं जखम पिकते आणि आंबटानं चिघळते, दोन्ही बंद. आत्या डिंकाचे लाडू घेऊन आली, म्हणते हाड जुळायला गोडधोड पाहिजेच. भाऊ जिमला जातो, तो म्हणतो साखर विष आहे, फळं पण बंद करा. शेजारचे काका म्हणतात जखमेतच साखर भरा. बाबांना दिवसाला ५ चहा लागतात. नक्की कुणाचं ऐकू? आणि गणपतीत मोदक तरी देऊ का?
ता.क. ॲडमिट केलं तेव्हा फाईलवर रॅन्डम शुगर २१२ लिहिलीय, पण बाबांना शुगर नाहीये, तिथले म्हणाले अपघाताच्या टेन्शननं वाढते."

अगं, सगळ्यात महत्त्वाची ओळ तू ता.क. मध्ये टाकलीस. तिच्याकडे येतेच, पण त्याच्याही आधी जखमेचं सांगते.

आत प्लेट आहे, २३ दिवस झालेत, आणि तरी टाक्यांच्या जागेतून रोज पाणी येतंय. ही लाडू बंद करून किंवा चालू करून सुटणारी गोष्ट नाही. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांना दाखवायचं, पुढची तारीख १० दिवसांनी असली तरी उद्याच जायचं. प्लेट म्हणजे धातू, त्यात रक्त फिरत नाही, जंतू एकदा त्याला चिकटून बसले की त्यांच्यावर एक बुळबुळीत थर तयार होतो आणि मग गोळ्यांचं औषध तिथपर्यंत नीट पोचत नाही. लवकर दाखवलं तर बऱ्याचदा जखम धुऊन आणि योग्य औषधानं भागतं, उशीर झाला की प्लेट काढायची वेळ येऊ शकते. आणि जायच्या आधी मेडिकलमधून आपल्या मनानं ॲन्टिबायोटिक आणून देऊ नकोस, कारण मग जखमेतल्या पाण्याची कल्चर तपासणी केली तरी जंतू सापडत नाही आणि डॉक्टरांना अंधारात औषध निवडावं लागतं. ताप आला, जखमेला वास यायला लागला, आजूबाजूला लाल-गरम झालं तर उद्यापर्यंतही थांबू नका. पोटरी एकदम सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला तर तडक दवाखाना, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

आता २१२.

तिथले म्हणाले ते खोटं नाहीये. मोठा मार बसला, हाड मोडलं, की शरीर घाबरून ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही टेन्शनची हार्मोन्स सोडतं आणि लिव्हर साठवलेली साखर रक्तात ओततं, त्यामुळे शुगर नसलेल्या माणसाचाही आकडा त्या दिवशी वर दिसू शकतो. पण तसाच २१२ हा आकडा अशा माणसाचाही असू शकतो ज्याला चार-पाच वर्षांपासून शुगर आहे आणि कधी तपासलीच नाही. त्या एका आकड्यावरून दोघांत फरक करता येत नाही. "टेन्शननं वाढली असेल" हे म्हणायला हरकत नाही, पण ते म्हणून झाल्यावर परत तपासायला हवं होतं, आणि तुझ्या पत्रात परत तपासल्याचं कुठेच नाहीये. "बाबांना शुगर नाहीये" हे कशावरून, तर कधी कुणी काढली नाही म्हणून, असंच ना? आपल्याकडे असंच असतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, इंडियाब नावाची मोठी पाहणी २०२३ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात देशात १० कोटींच्या वर मधुमेही आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत असा अंदाज आला. ५६ वर्षांचा माणूस त्यातला असणं ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.

म्हणून उद्या डॉक्टरांकडे जाशील तेव्हा दोन तपासण्या करून घे, उपाशीपोटी शुगर आणि एचबीएवनसी. दुसरी जी आहे ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते, म्हणजे अपघाताच्या आधी काय चाललं होतं ते त्यात दिसतं. ६.५ किंवा वर आली तर मधुमेह धरतात, ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. उपाशीपोटी १२६ किंवा वर म्हणजे मधुमेह, १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. एक गोष्ट मात्र डॉक्टरांना आठवणीनं सांग, ऑपरेशनच्या वेळी बाबांना रक्त चढवलं होतं का किंवा रक्त खूप गेलं होतं का, कारण तसं झालं असेल तर एचबीएवनसी खोटी कमी येऊ शकते आणि सगळे निवांत होतात.

मी एवढं ठासून का सांगतेय त्याला कारण आहे. माझ्या आईच्या पायाच्या अंगठ्याला मोरीच्या फुटक्या फरशीनं कापलं होतं. एवढीशी जखम. घराजवळच्या एका दवाखान्यात ती दिवसाआड ड्रेसिंगला जायची, पाच आठवडे गेली. मी तेव्हा नुकतीच आहारतज्ज्ञ म्हणून नोकरीला लागलेले, दिवसभर वॉर्डात दुसऱ्यांची ताटं बघायचे आणि घरी येऊन आईची पट्टी बदलायचे. गॉज निघायचं नाही, मीठ-पाण्यानं भिजवून भिजवून सोडवायला लागायचं, खाली जखमेची कड पांढरट, भिजलेल्या कातडीसारखी, आणि मध्ये तोच फिका गुलाबी खड्डा, काल होता तेवढाच. अशक्तपणा येईल म्हणून मावशी रोज शिरा करून द्यायची. आणि त्याच दिवसांत बाथरूममध्ये मुंग्या व्हायला लागल्या, काळ्या, बारीक, भांड्याच्या कडेला ओळ धरून. आम्ही फिनेल ओतत होतो. लघवीला मुंग्या लागणं म्हणजे लघवीतून साखर जाणं, हे मला पुस्तकात पाठ होतं आणि घरात दिसलं नाही. पाचव्या आठवड्यात दुसऱ्या एका डॉक्टरांनी शुगर काढली, उपाशीपोटी २४० होती. औषध सुरू झालं, खाणं बदललं, आणि ती जखम महिन्याभरात भरली. पाच आठवडे एकानंही, माझ्यासकट, तिच्या बोटाला टोचून एक थेंब बघितला नव्हता.

आता तुझ्या घरातल्या वादाकडे येते, कारण त्यात प्रत्येकाचं थोडं थोडं खरं आहे आणि म्हणूनच वाद मिटत नाहीये.

आजी म्हणते गोडानं जखम पिकते. ज्याची शुगर नॉर्मल आहे त्यानं दोन पेढे खाल्ले तर पू होत नाही. त्याच्या रक्तातली साखर थोडी वर जाते, इन्सुलिन येतं, दोन-तीन तासात सगळं परत जागेवर. पू जंतूंनी होतो, पेढ्यानं नाही. पण ज्याच्या रक्तात साखर तुंबूनच राहते त्याच्या बाबतीत आजीचं म्हणणं जवळजवळ बरोबर निघतं. जखमेत पहिल्यांदा धावून येतात त्या पांढऱ्या पेशी, जंतूंना गिळून टाकणं हे त्यांचं काम, आणि रक्तात साखर जास्त असली की त्या सुस्त होतात, जखमेपर्यंत पोचायला उशीर करतात आणि पोचल्या तरी नीट मारत नाहीत. म्हणून तर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं २०१७ च्या सूचनांमध्ये सांगितलंय की ऑपरेशनच्या काळात रक्तातली साखर २००च्या खाली ठेवा, पेशंटला मधुमेह असो नाहीतर नसो. तुझ्या बाबांचा आकडा २१२ होता, लक्षात आलं ना मी त्या ओळीवर का अडून बसलेय.

आणि जंतूंचं झालं की पुढचं काम असतं बांधकामाचं. जखम भरणं म्हणजे शरीर तिथे कोलॅजन नावाचं प्रोटीन विणतं, धाग्यासारखं. पहिले चार-सहा दिवस साफसफाई, मग दोन-तीन आठवडे विणकाम, आणि मग ते धागे पक्के व्हायला महिने जातात, कधी वर्ष. साखर सतत जास्त असेल तर ती या धाग्यांना चिकटत जाते, पाक हाताला चिकटून सुकल्यावर बोटं कशी ताठ होतात तसं. धागे कडक होतात, लवचिकपणा जातो. मधुमेह असलेल्यांना खांदा आखडायचा त्रास जास्त होतो तो बऱ्याच अंशी यामुळेच. हाडाचंही तेच, मधुमेह ताब्यात नसेल तर हाड जुळायला वेळ लागतो.

त्यात आणखी एक गोष्ट, बाबा पडून आहेत. जेवल्यावर रक्तात येणारी साखर सगळ्यात जास्त कोण उचलतं तर स्नायू, आणि स्नायू वापरात नसले की काही दिवसांतच ते इन्सुलिनला दाद देईनासे होतात. शेतात राबणारा माणूस जो चहा-लाडू सहज पचवायचा तोच माणूस खाटेवर पडून तेवढंच खातो तेव्हा आकडा जास्त चढतो. म्हणून फिजिओनं सांगितलेले खाटेवरचे व्यायाम, मांडी आवळून धरणं, दुसरा पाय उचलणं, हे टाळू नका. मधुमेह असो की नसो, हे दोन्हीकडे लागू आहे.

पत्रासोबत वेगळ्या कागदावर तू बाबांचं दिवसभराचं खाणं आणि घरातलं बाकीचं लिहून पाठवलंस ते बरं केलंस. हिशोब केला मी. ५ चहा, प्रत्येकात २ चमचे म्हणजे १० चमचे, चमचा ५ ग्रॅमचा धरला तर ५० ग्रॅम साखर इथेच झाली. भेटायला येणाऱ्यांनी आणलेली ग्लुकोजची बिस्किटं चहाबरोबर सात-आठ, त्यातली १०-१२ ग्रॅम. आत्याचे दोन लाडू, त्यात गूळ निदान २५ ग्रॅम. आणि सकाळी "शक्ती येते" म्हणून दोन मोठे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यात, ते आणखी २५-३०. म्हणजे ११०-१२० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की २००० कॅलरी खाणाऱ्या माणसानं वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी आणि जमलं तर २५. हे धडधाकट माणसासाठी.

ग्लुकोज पावडर आजच बंद कर. ती कडक उन्हात राबून चक्कर आलेल्या माणसाला ठीक, खाटेवरच्या माणसाला तिचा काही उपयोग नाही, प्रोटीन नाही, नुसती रक्तात झटकन जाणारी साखर. बिस्किटं बंद. जे भेटायला येतात त्यांना फोनवरच सांग की बिस्किटाचे पुडे नकोत, अंडी आणा, पेरू आणा, डझनभर केळी सुद्धा नकोत दोनच आणा. वाईट वाटत नाही कुणाला, उलट लोकांना बरं वाटतं की काय न्यायचं ते कळलं. चहा पाच वरून तीन कप, अर्धा-पाऊण कप, एक चमचा. एकदम बिनसाखरेचा दिलास तर बाबा दोन दिवस ऐकतील आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून मागवतील, म्हणून हळूहळू. आणि गुळाचा चहा केला म्हणजे सुटलो असं नाही हं. आपला कोल्हापूरचा गूळ चवीला कितीही भारी असला तरी रक्तात गेल्यावर ती साखरच, मधाचंही तसंच.

आत्याच्या लाडवांना मात्र मी वाईट म्हणणार नाही. डिंक, खारीक, खोबरं, तूप, खसखस, सुकामेवा, त्यात घास-दोन घासांत भरपूर ताकद असते आणि ज्या पेशंटला जेवणच जात नाही त्याला हे फार कामाला येतं. ऑपरेशननंतरचा पहिला आठवडा बाबांना तोंडाला चव नव्हती म्हणालीस, तेव्हा त्यांनी लाडू खाल्ला हे चांगलंच झालं. उपाशी राहिलेलं शरीर स्वतःचे स्नायू मोडून खातं आणि जखमेला काहीच उरत नाही. पण आता भूक लागायला लागलीय, आणि आता लाडू जेवणाची जागा खातोय, सकाळी लाडू-चहा झाला की ११ वाजता एकच भाकरी जाते, हे तूच लिहिलंयस. रिपोर्ट येईपर्यंत लाडू थांबव. रिपोर्ट नॉर्मल आला तर रोज अर्धा, जेवणानंतर. पुढच्या वेळी आत्याला सांग गूळ निम्मा आणि भाजलेल्या शेंगदाण्याचं, तिळाचं, नाचणीचं पीठ जास्त. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हाडाला ते गुळापेक्षा कितीतरी उपयोगाचं.

भाऊ काळजीपोटीच बोलतोय, पण फळं बंद करणं चूक आहे. फळातली साखर सालीत-गरात अडकलेली असते, चोथ्याबरोबर हळूहळू रक्तात येते, आणि बरोबर जे घेऊन येते ते बाबांना आत्ता पाहिजेच आहे. रस नको, उसाचा तर नकोच, मोठ्या ग्लासात ३० ग्रॅमच्या आसपास साखर जाते. अख्खं फळ दे, दिवसाला दोन.

आणि आता आजीचं दुसरं म्हणणं, आंबट बंद. खरं सांगू का, तुझ्या घरात गोडावर एवढी भांडणं होतायत पण मला जास्त काळजी या आंबटाची वाटली, कारण त्यावर कुणी भांडलंच नाही, सगळ्यांनी मान्य करून टाकलं. लिंबू बंद, आवळा बंद, संत्रं-मोसंबी बंद, टोमॅटो बंद, दही-ताक बंद, पेरूसुद्धा "थंड" म्हणून बंद. म्हणजे व्हिटॅमिन सी जवळजवळ शून्यावर. ते कोलॅजनचे धागे म्हटलं ना, त्यांना पीळ बसायला व्हिटॅमिन सी लागतंच, त्याच्याशिवाय धागा विणला जातो पण टिकत नाही. पूर्वी महिनोन् महिने समुद्रावर असणाऱ्या खलाशांना स्कर्व्ही व्हायचा, हिरड्यांतून रक्त यायचं, आणि वर्षांपूर्वी भरलेल्या जुन्या जखमा परत उघडायच्या. भरलेल्या जखमा! कारण शरीर तो धागा सारखा जुना काढून नवा घालत असतं. जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरनं १७४७ साली अशा खलाशांना वेगवेगळे उपाय देऊन बघितले आणि सुधारले ते संत्री-लिंबं खाणारे. त्याच लिंबाला आपण जखमेच्या नावाखाली घराबाहेर काढतो. आंबट जखमेवर पिळलं तर झोंबतं, खाल्लं तर चिघळत नाही.

आजीला हे असं पुस्तकी सांगू नकोस, ऐकणार नाहीत. डॉक्टरांकडे जाताना आजीला बरोबर ने आणि तिथे डॉक्टरांच्याच तोंडून विचारून घे, "लिंबू चालेल का?" घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी हे नियम प्रेमानंच केलेले असतात, त्यांना मोडीत काढल्यासारखं वाटायला नको. मग रोज एक पेरू, तेवढ्यात दिवसाची सगळी गरज भागते. आमटीवर लिंबू पिळायचं ते ताटात वाढल्यावर, उकळताना नाही, उकळलं की सी बरंचसं जातं. आवळा थंडीत मिळेल तेव्हा कच्चा, मिठाबरोबर. मोरावळा मात्र नको, तो निम्म्याहून जास्त पाकच असतो.

पण बाबांच्या ताटात सगळ्यात मोठा खड्डा प्रोटीनचा आहे, साखर त्याच्यापुढे लहान गोष्ट वाटावी इतका. विणायला सूतच नाही तर विणणार काय? जखम आणि मोडलेलं हाड असताना किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं असं धरतात, बाबांना म्हणजे रोज ७५ ते ९० ग्रॅम. तू लिहून पाठवलेल्या ताटात मला जेमतेम ३५ सापडले, पातळ आमटी, भाकरी, भात, रात्री कधी खिचडी. याच ताटात काय घालता येईल ते सांगते. सकाळी चहा-बिस्किटाऐवजी दोन उकडलेली अंडी, पिवळ्यासकट, १२-१३ ग्रॅम. एक मोठा ग्लास दूध बिनसाखरेचं, ८. दुपारी दोन भाकऱ्या आणि घट्ट उसळ, मटकी मूग चवळी काहीही, उसळ वाटीभर ७-८ आणि भाकऱ्यांचे १०. वाटीभर दही, ५. संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे, ७. रात्री परत घट्ट वरण किंवा पिठलं. इथपर्यंत साठच्या आसपास झाले. आजी माळकरी आहेत म्हणून मटण-चिकन परड्यातल्या चुलीवर वेगळ्या भांड्यात होतं म्हणालीस, तर आठवड्यातून तीन-चार वेळा तेवढी तसदी घ्या, १०० ग्रॅम चिकन किंवा मासा म्हणजे २०-२५ ग्रॅम. ज्या दिवशी नसेल त्या दिवशी ३० ग्रॅम सोयाबीन वडी, कोरडी मोजून, भिजवून रस्सा, त्यात १५. आणि पायाचं सूप, पांढरा रस्सा, हे जरूर द्या, तोंडाला चव येते, पण रश्श्यात प्रोटीन थोडंच उतरतं, फोडी खायला लावा. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर मात्र एवढं प्रोटीन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, रक्ततपासणीत क्रिएटिनिन बघून घ्यायला सांग.

एक तू लिहिलं नाहीस ते मी विचारते, बाबा तंबाखू खातात का, विडी-सिगरेट? असेल तर ते मला साखरेआधी बंद झालेलं हवंय. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात, जखमेला रक्त कमी मिळतं, आणि सिगरेट ओढणाऱ्यांचं हाड उशिरा जुळतं हे हाडांचे सगळेच डॉक्टर सांगतात. ५६व्या वर्षी खाटेवर पडून तंबाखू सोडणं सोपं नाही मला माहितीय, पण निदान प्लेटवरचं हाड धरेपर्यंत तरी.

काकांचं राहिलं. जखमेत साखर भरणं हा वेडेपणा नाहीये गं, फार जुना उपाय आहे. साखर जखमेतलं पाणी ओढून घेते आणि पाणी नसलं की जंतू वाढत नाहीत, मुरंब्याला बुरशी लागत नाही ना, तसंच. मोझेस मुरांडू म्हणून झिंबाब्वेमध्ये वाढलेले एक नर्स आहेत, त्यांच्या वडिलांना गावात जखमांवर असं करताना त्यांनी लहानपणी पाहिलं होतं, पुढे इंग्लंडमध्ये वुल्व्हरहॅम्प्टन विद्यापीठात त्यांनी यावर रीतसर अभ्यास केला. म्हणजे जखमेवर घातलेली साखर आणि रक्तात तुंबलेली साखर या दोन एकदम उलट गोष्टी आहेत. पण ते सगळं नर्सच्या हातानं, नीट तपासलेल्या जखमेवर, वरचेवर ड्रेसिंग बदलून. बाबांच्या जखमेखाली प्लेट आहे, ती किती खोल गेलीय आपल्याला माहिती नाही, तिथे डब्यातली साखर, हळद, कोरफड, काहीही भरायचं नाही. काकांना सांग डॉक्टर नको म्हणाले.

रिपोर्टमध्ये शुगर निघाली आणि गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू झालं तर घाबरू नकोस, मोठं ऑपरेशन झालेल्या बऱ्याच लोकांना जखम भरेपर्यंत इन्सुलिन देतात, ते कायमचंच असतं असं नाही. फक्त तेव्हापासून उशाशी साखरेची डबी ठेव. औषध घेऊन जेवायला उशीर झाला आणि बाबांना दरदरून घाम आला, हात थरथरले, बोलणं विचित्र वाटलं, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी परत बघायचं, आणि मग जेवण. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखान्यात. हे भावाला नीट समजावून सांग, नाहीतर तो त्या वेळीही साखर नको म्हणेल.

आणि मोदकाचं विचारलंयस. रिपोर्ट नॉर्मल आला तर गणपतीच्या दिवशी जेवण झाल्यावर दोन दे, उकडीचे, वर तूप घालून, आणि त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. शुगर निघाली असेल तर एक, तोही डॉक्टरांना विचारून, आणि दोन तासांनी बोटाला टोचून आकडा बघ, म्हणजे बाबांना एक मोदक किती चढतो ते तुमच्या घरालाच कळेल. उद्या डॉक्टर काय म्हणाले आणि एचबीएवनसी किती आली ते मला नक्की कळव, मी वाट बघतेय.